‘दम’, ‘चढ’ आणि ‘समवयस्क’ : फुप्फुसविकाराच्या प्रश्नावल्यांची भाषिक परीक्षा

फुप्फुसांच्या जीर्ण अवरोधक विकारावरील, म्हणजे वैद्यकाच्या नित्य व्यवहारात ज्याला सीओपीडी म्हणतात त्या रोगावरील संशोधन हा भाषाभ्यासकाच्या टीकेचा विषय कसा होऊ शकतो, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर त्या संशोधनाच्या पद्धतीतच आहे. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही, पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेल्या हवेचे एकूण हवेशी प्रमाण ०.७० हून कमी भरले, की स्पायरोमीटर या विकाराची साक्ष देतो. परंतु यंत्राचा आकडा आणि रोग्याचा त्रास यांचा मेळ सैल आहे; सारख्याच आकड्याचे दोन रोगी सारख्या धापा टाकतातच असे नाही. सबब, त्रास किती हे रोग्यालाच विचारावे लागते. आणि विचारणे आले की भाषा आली.

हा प्रश्न केवळ शब्दांच्या आवडीनिवडीचा नव्हे. ‘गोल्ड’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या २०२३ च्या अहवालात, ज्याचा विकार वारंवार उफाळत नाही अशा रोग्याचा आरंभीचा औषधोपचार त्याच्या उत्तरांवरून ठरविलेला आहे. एमएमआरसी नावाच्या मापनीवर त्याची श्रेणी २ वा अधिक आली, किंवा कॅट या आठ प्रश्नांच्या चाचणीत ४० पैकी १० वा अधिक गुण पडले, तर श्वासनलिका रुंदावणारी दोन दीर्घप्रभावी औषधे एकत्र, त्याखाली एकच. म्हणजे एखाद्या शब्दाच्या आकलनावर औषधाची योजना अवलंबून राहते.

एमएमआरसी मापनीचे मूळ १९४० च्या दशकात कार्डिफ येथे खाणकामगारांच्या फुप्फुसविकारांवर चाललेल्या संशोधनात आहे. चार्ल्स फ्लेचर यांनी १९५२ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिच्या पुढे सुधारलेल्या रूपात ० ते ४ अशा श्रेणी आहेत. सपाटीवर घाईने चालताना किंवा किंचित चढ चढताना दम लागणे ही श्रेणी १. सपाटीवर समवयस्कांहून सावकाश चालावे लागणे, अथवा आपल्या चालीने चालतानाही थांबावे लागणे ही श्रेणी २. औषध बदलते ते नेमके या दोन श्रेणींच्या सीमेवर, आणि ती सीमा ‘सपाटी’ व ‘समवयस्क’ या दोन शब्दांवर उभी आहे.

आता हे दोन शब्द घेऊन इगतपुरीस जावे. कसाऱ्याहून इगतपुरीस येणारा थळ घाटाचा लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाला. त्याचा चढ ३७ फुटांस एक फूट असा मोजून नोंदलेला आहे आणि तो चढण्यासाठी गाड्यांना सामान्यतः मागून जादा इंजिने लावावी लागतात. रेल्वेने ‘किंचित चढ’ असे म्हणून भागविले नाही. वैद्यकीय मापनी मात्र तेवढ्यावरच भागविते. सह्याद्रीच्या उतारावरील पाड्यात ज्या बाईचे घर एका अंगाला, पाणी खालच्या अंगाला आणि भाताचे खाचर तिसरीकडे, तिला ‘सपाटीवर’ असे विचारल्यास ती कोणती वाट मनात आणील? वेल्सच्या दऱ्यांतील खाणकामगारांसही चढ ठाऊक होता, परंतु तो त्यांचा चढ होता. शब्द अनुवादित होतो. त्याने दाखविलेली जमीन अनुवादित होत नाही.

‘समवयस्क’ या शब्दाची अडचण याहून खोल आहे. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी धूम्रपान न करणाऱ्यांतील या विकाराचा परामर्श घेतला. जगात सुमारे ३०० कोटी लोक लाकूड, गोवऱ्या, काटक्या यांच्या धुराला सामोरे जातात, तर तंबाखू ओढणारे सुमारे १०१ कोटी आहेत, हे त्यांनी दाखविले. या निबंधाने रोगाचे केंद्र विडीकडून चुलीकडे सरकविले. परंतु जेथे एका वयाच्या बहुतेक बायकांनी उभा जन्म चुलीपुढे फुंकणी घेऊन काढला, तेथे समवयस्कांशी तुलना म्हणजे धापेची धापेशी तुलना होय. सर्वच जणी सावकाश चालत असतील, तर कोणीच मागे पडत नाही आणि मापनीला कोणीच आजारी दिसत नाही. इंग्रजीत तंबाखूचा धूर आणि चुलीचा धूर यांना एकच शब्द चालतो. मराठीत ‘धूम्रपान’ वेगळे आणि ‘धूर’ वेगळा. ‘धूम्रपान करता का?’ या प्रश्नास त्या बाईचे ‘नाही’ हे उत्तर सत्य आहे. परंतु त्या सत्याच्या आड तिची चुलीपुढली चाळीस वर्षे नोंदीबाहेर राहू शकतात.

यानंतर खुद्द ‘दम’. फारसी ‘दम’ म्हणजे श्वास, संस्कृत ‘दम’ म्हणजे निग्रह. मराठीत दम लागतो, तसाच दम धरला जातो, दम दिला जातो, दम निघत नाही आणि ‘त्याच्यात दम आहे’ असेही म्हणतात. म्हणून दम लागतो हे कबूल करणे, काबाडकष्टांवर जगणाऱ्याला, आपल्यात दम उरला नाही असे कबूल करण्यासारखे वाटू शकते. ‘दमा’ म्हटले तर दुसराच रोग सूचित होतो. ‘कफ’ या शब्दाची गत याहून चमत्कारिक आहे. मराठीत कफ म्हणजे बेडका, आणि औषधाच्या बाटलीवरील इंग्रजी ‘कफ’ म्हणजे खोकला. कॅट चाचणीचे पहिले दोन प्रश्न अनुक्रमे खोकला व बेडका यांविषयीच आहेत!

क्रियापदाचा काळही निरुपद्रवी नाही. इगतपुरीजवळच्या एका पाड्यावर एका वृद्ध बाईंना ‘आजी, चढण चढताना दम लागतो का?’ असे विचारले असता ‘नाही’ असे उत्तर आले. ‘मग पाण्याला वर-खाली करता ना?’ या पुढील प्रश्नावर त्या म्हणाल्या, ‘आता कुठं जाते बाबा? सून जाती.’ ‘लागतो’ हे रीतिवाचक रूप चढण्याची क्रिया चालू असल्याचे गृहीत धरते. दम लागतो म्हणून जिने चढणेच सोडले, तिला दम लागत नाही; आणि मापनीवर ती बरी ठरते.

१९९२ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात सिद्ध झालेल्या प्रश्नावलीत तर बर्फ उपसणे, गोल्फ व टेनिस खेळणे अशी उदाहरणे आहेत. तिच्या ० ते १०० या मापावर ४ गुणांचा फरक रोग्यास जाणवण्याजोगा मानतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३७ देशांतील ५,९९३ रोग्यांवरील ‘अपलिफ्ट’ या प्रयोगात टायोट्रोपियम औषधाने या मापावर पाडलेला फरक २.३ ते ३.३ गुणांचा होता. दोन्ही गटांना प्रश्न तेच असल्याने अशा प्रयोगात पक्षपात होत नाही, हे खरे. परंतु जो प्रश्न रोग्यास लागूच पडत नाही, त्यात औषधाचा गुण उमटावा कसा?

अनुवादक निष्काळजी असतात, असा आमचा आक्षेप नाही. मराठी मसुद्याचे पुन्हा इंग्रजी करून तो मुळाशी ताडून पाहण्याची पद्धत रूढ आहे. मात्र ‘सपाटी’चे इंग्रजी निर्दोष होते, आणि तेथेच ही पद्धत फसते. ती शब्दाचा शब्दाशी मेळ तपासते, शब्दाचा वस्तुस्थितीशी नव्हे. रोग्यांना मसुदा वाचून दाखविण्याची पायरी असते. ती कोणत्या गावी आणि कोणत्या बोलीच्या रोग्यांपुढे झाली, हे निर्णायक होय.

प्रत्येक तालुक्याची स्वतंत्र प्रश्नावली केली तर जगातील निष्कर्षांची तुलना कशी करावी, हा प्रतिवाद वजनदार आहे. म्हणून श्रेणी बदलू नयेत. त्यांचे दाखले बदलावेत. हंडा घेऊन येणे, मोळी आणणे, भाताची लावणी, चूल फुंकणे अशी कामे आधी ‘करता का?’ आणि ‘सोडले असेल तर का सोडले?’ असे विचारून मग दमाविषयी विचारावे, आणि ही उत्तरे स्पायरोमीटरशी व सहा मिनिटांच्या चाल-चाचणीशी ताडून पाहावीत. ‘धूम्रपान’ आणि ‘चुलीचा धूर’ हे दोन वेगळे प्रश्न असावेत. प्रत्यक्ष विचारलेले मराठी वाक्य व प्रश्नकर्त्याने पदरचे केलेले स्पष्टीकरण ही निबंधासोबत छापली जावीत. औषधाची मात्रा छापतात, तर प्रश्नाची का छापू नये?

हे काम एकट्या वैद्यांचे नाही. बोलींचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने इगतपुरीच्या पाड्यावर ‘धाप’, ‘दम’, ‘छाती भरणे’, ‘जीव घाबरा होणे’ यांच्या अर्थच्छटा नोंदविल्या, तर तो केवळ कोशात भर घालील असे नव्हे. ‘नाही’ म्हणून परत गेलेल्या आजींचे उत्तर पुन्हा एकदा ऐकले जाण्याची सोय तो करील.