शब्दौचित्य आणि नामकरणाचा अधिकार

‘पोलिटिकल करेक्टनेस’ ही संज्ञा प्रथम साम्यवादी वर्तुळांत पक्षाच्या अधिकृत भूमिकेशी असलेल्या अनुरूपतेसाठी वापरली जाई. १९७० नंतर अमेरिकेतील डाव्या चळवळींत ती बहुधा स्वतःच्याच अतिरेकी काटेकोरपणाच्या थट्टेसाठी योजिली गेली. १९९० च्या सुमारास विरोधकांनी तीच टीकेचे हत्यार म्हणून उचलली. तेव्हापासून ‘कटू वास्तवावर घातलेले गोड शब्दांचे पांघरूण’ असा तिचा अर्थ सर्रास केला जातो. हा अर्थ कितपत ग्राह्य आहे, हे मराठीतील एका परिचित शब्दगटावरून तपासता येते.

‘अस्पृश्य’ हे कर्मणि विध्यर्थ धातुसाधित विशेषण आहे. स्पर्शास अपात्र ठरण्याचे कारण ते त्या व्यक्तीच्याच ठायी कल्पिते. त्याऐवजी महात्मा गांधींनी ‘हरिजन’ या शब्दाचा पुरस्कार केला व १९३३ साली त्याच नावाचे साप्ताहिक सुरू केले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने याहून प्रतिष्ठित शब्द सापडणे कठीण. तरीही १९३८ साली मुंबई विधानसभेत डॉ. आंबेडकर व स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य यांनी त्याच शब्दाच्या निषेधार्थ सभात्याग केला. उलटपक्षी, १९२७ साली आंबेडकरांनी आपल्या पाक्षिकास ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले होते. आणि १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या संघटनेने ‘दलित पँथर’ हे नाव स्वीकारले.

सौम्य शब्द नाकारला जावा आणि कठोर शब्द स्वीकारला जावा, याचे एक कारण व्याकरणातच आहे. ‘बहिष्कृत’ व ‘दलित’ ही कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित विशेषणे होत. त्यांत कर्ता अनुक्त असला तरी गृहीत असतो : कोणी तरी बहिष्कार घातला, कोणी तरी भरडले. ‘हरिजन’ या तत्पुरुष समासात मात्र तो कर्ता लुप्त होतो. अन्याय दिसेनासा होऊन केवळ कृपा उरते.

यावर असा आक्षेप संभवतो की, १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेकांनी ‘दलित’ हा शब्दही नाकारून ‘बौद्ध’ हेच नाव पसंत केले. परंतु हा आक्षेप मूळ प्रतिपादनास पोषकच ठरतो. कारण येथेही निवड त्या समाजाचीच आहे. तात्पर्य, शब्दाचा गोडवा हा औचित्याचा निकष नव्हे. नाव कोणी दिले आणि ते नाकारण्याची मुभा कोणास होती, हा त्याचा खरा निकष होय. टीकाकार आणि शब्दशुद्धीचे उत्साही पुरस्कर्ते, दोघांच्याही नजरेतून तो निसटतो.