फुटपाथवर आलेली फांदी

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी दिल्लीतल्या एका मोठ्या बागेत आम्ही चौदा जण खाली माना घालून चाललो होतो. पत्रकात याला ‘सामुदायिक कलाप्रकल्प’ म्हटलं होतं: आधी फेरी, मग वाफ्यात थोडं खुरपणं, शेवटी खुडून आणलेल्या पाल्याचं जेवण. फी नऊशे रुपये. चाकवत दिसला की सगळे थांबायचे, फोटो काढायचे, एखादं पान चघळायचे. वाट दाखवणारा तरुण कलावंत जाणकार होता, मनापासून बोलत होता. फक्त चाकवताला तो ‘लॅम्ब्ज क्वार्टर्स’ म्हणत होता. तेही अशा शहरात, जिथे थंडीभर कुठल्याही भाजीवाल्याकडे ‘बथुआ’ मागितला की जुडी हातात पडते.

भिंतीच्या कडेला एक बाई तोच बथुआ खुडून गोणपाटात भरत होती. रखवालदारानं शिट्टी वाजवली ती तिच्यासाठी. आमच्याकडे परवानगीचं पत्र होतं. ती गोणी उचलून फाटकाकडे गेली, आम्ही पुढच्या आंबुशीकडे वळलो. दुपारी बथुआची चटणी लावलेला पाव खाल्ला, तो खरंच चविष्ट होता. त्या शिट्टीविषयी कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

या प्रकल्पाला झोडपायला मी लिहायला बसलेले नाही. चालणं, माती, आपसूक उगवलेला पाला आणि अनोळखी माणसांची पंगत यांना एकत्र आणणारं काम गेल्या वीसेक वर्षांत अनेक देशांतल्या कलावंतांनी केलं आहे, आणि त्यातलं काही मला फार आवडतं. ते का आवडतं हे मात्र त्या शिट्टीनंतर जरा नीट कळलं.

लॉस एंजेलिसचा ‘फॉलन फ्रूट’ हा गट घ्या. डेव्हिड बर्न्स, मतियास व्हीगनर आणि ऑस्टिन यंग या तिघांनी २००४ साली सिल्व्हर लेक भागातल्या गल्ल्यांचा एक नकाशा काढला. त्यात दुकानं नाहीत, प्रेक्षणीय स्थळं नाहीत. कुठल्या वळणावर लिंबू आहे, कुठे केळ, कुठे ॲव्होकाडो, एवढंच. झाडं बहुतेक खाजगी अंगणातली, पण फांद्या कुंपण ओलांडून फुटपाथवर आलेल्या. सार्वजनिक जागेवर लोंबणारं फळ सगळ्यांचं, या समजुतीवर तो सगळा नकाशा उभा आहे. दिसायला अगदी साधा, रेखाटनाची करामत काही नाही. पण तो हातात घेऊन चालणाऱ्याला प्रत्येक झाडापाशी ठरवावं लागतं: इथवर त्यांचं, इथून पुढे आपलं. पुढे या गटानं रात्रीच्या सामूहिक फेऱ्या काढल्या. बॅटऱ्या घेऊन झाडाखाली जमलेली माणसं चोर की पाहुणे, हे मग घरमालकालाही ठरवावं लागतं.

त्यांच्या ‘पब्लिक फ्रूट जॅम’ या कार्यक्रमात लोक आपापली फळं घेऊन येतात, अनोळखी माणसांबरोबर एका टेबलाशी बसतात आणि ठरलेल्या कृतीशिवाय, समोर जे आहे त्यावर वाटाघाटी करून जॅम शिजवतात. मला गोपाळकाला आठवतो: शिदोरी ज्याची त्याची, घास कुणाचाच नाही. २०१० मध्ये याच गटानं लॉस एंजेलिस काउंटीच्या कलासंग्रहालयाबरोबर वर्षभराचा प्रकल्प केला, संग्रहातली फळांची चित्रं नव्यानं मांडली, आवारात बागा झाल्या. तिथे मला धार बोथट झालेली वाटते. संग्रहालयाच्या आवाराला मालक असतो आणि सगळे त्याचे पाहुणे असतात. भांडण कुठे उरत नाही. डेल एअर या वस्तीतल्या उद्यानात रहिवाशांसह लावलेली फळझाडं मात्र मूळ नकाशाच्या वळणाची. ते फळ कुणीही तोडावं.

न्यू यॉर्कची गोष्ट याहून रोकठोक आहे. तिथल्या सार्वजनिक उद्यानांत खाण्यासाठी काही खुडायला मनाई. मेरी मॅटिंगली या कलावतीनं २०१६ मध्ये त्यावर तोड काढली. एका बार्जवर माती टाकून फळझाडं, भाज्या, औषधी वनस्पती लावल्या आणि ते तरंगतं रान ‘स्वेल’ या नावानं ब्राँक्समध्ये किनाऱ्याला आणून लावलं. जमिनीवरचा नियम पाण्याला लागू नव्हता. लोक बार्जवर चढायचे आणि हवं ते फुकट तोडून न्यायचे. पुढच्या वर्षी शहराच्या उद्यान खात्यानंच ब्राँक्सच्या काँक्रीट प्लँट पार्कमध्ये लोकांनी खुडून न्यावं अशी बाग सुरू केली. या बार्जची पाण्यावरची छायाचित्रं देखणी आहेत, पण माझ्या लेखी त्याचं सौंदर्य त्या नियमाला दिलेल्या बगलेत आहे. मूठभर पाला कायदेशीरपणे खुडता यावा म्हणून बाईला जहाज आणावं लागलं!

आपल्याकडे कुंपणं वेगळी आहेत. नवी दिल्लीच्या रस्त्यांवर जांभळाची झाडं ओळीनं उभी आहेत. त्यांच्या फळांचा नगरपालिका परिषद मोसमात लिलाव करते. पावसाच्या तोंडावर ठेकेदाराची माणसं वर चढून फांद्या हलवतात, खाली काही जण चादर ताणून उभे असतात, आणि मग तीच जांभळं फुटपाथवर मीठ लावून विकली जातात. झाड सरकारी, सावली सगळ्यांची, फळ ठेकेदाराचं. सिल्व्हर लेकसारखा नकाशा इथे कुणी काढला तर झाडाशेजारी ठेक्याची नोंदही करावी लागेल. तसा नकाशा मला पाहायला आवडेल.

जंगलात निदान कायदा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं आदिवासींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना परंपरेनं गोळा केलं जाणारं ‘गौण वनोपज’ गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा हक्क दिला. (‘गौण’ हा सरकारी शब्द. मोहावर मीठमिरची सुटते त्या घरात तो कुणी वापरत नसावं.) शहरातल्या बागेत गोणी घेऊन आलेल्या बाईला त्या कायद्याचा काही उपयोग नाही.

म्हणून त्या रविवारच्या प्रकल्पाबद्दल माझी तक्रार जेवणाची नाही, फीचीही नाही. त्यांच्या हाती सगळ्यात मोलाचा ऐवज होता तो परवानगीचा कागद, आणि तो त्यांनी खिशात ठेवला. त्यात ‘फेरीतील सदस्य’ याऐवजी ‘बागेत पाला खुडणारे सर्व’ असं लिहून घेण्यासाठी ते कचेरीत चार खेपा घालते, नकार मिळाला तर तो नकार फळ्यावर लावते, तर मी त्याला ‘स्वेल’च्या शेजारी बसवलं असतं. शिट्टी वाजली तेव्हाही वेळ गेली नव्हती. बथुआ कोवळा कुठे मिळतो, हे तिला आमच्यापेक्षा नक्की जास्त माहीत होतं.

गंमत म्हणजे नंतर त्यांनी आपल्या पुस्तिकेचा मराठी अनुवाद मलाच सांगितला. पहिल्याच ओळीत ‘फोरेजिंग’. हा मूळचा घोड्याच्या वैरणीशी जोडलेला शब्द. लष्करानं मुलखातून दाणावैरण उचलणं हाही त्याचा जुना अर्थ. त्याला मराठीत एक शब्द सापडेना, कारण मराठीत दर वनस्पतीगणिक हात वेगळा चालतो: मोह वेचतात, टाकळा खुडतात, करवंदं तोडतात, कंद खणतात, अळंब्यांसाठी हिंडतात. ‘रानभाज्या गोळा करणे’ लिहून पाहिलं, ते परिपत्रकासारखं वाटलं. मग प्रत्येक वाक्यात कोण काय करतंय ते पाहत गेले. पुस्तिकेत आम्ही चौदा जण बरेचदा येतो. बहुतेक ठिकाणी ‘चाखणं’ पुरलं. ‘खुडणं’ अजून कुठेच वापरलेलं नाही. गोणीवाली बाई पुस्तिकेत नाही. तिच्यासाठी एक परिच्छेद वाढवा, असं मी कळवलं आहे, आणि तोवर हस्तलिखित माझ्याकडेच ठेवलं आहे.