अवकाशयानावरील मळ आणि मराठी विज्ञानकथेची भाषा

विज्ञानकथेतील अवकाशयान लखलखीत असावे की वापराने मळलेले, हा प्रश्न मुख्यतः चित्रपटांच्या संदर्भात चर्चिला जातो. क्यूब्रिकच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ (१९६८) मधील याने शुभ्र व निष्कलंक आहेत, ल्यूकसच्या ‘स्टार वॉर्स’ (१९७७) मधील याने ओरखडलेली, कळकट आहेत. झीज दिसली म्हणजे त्या जगाला भूतकाळ आहे अशी प्रेक्षकाची खात्री पटते, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. ते ग्राह्य आहे; परंतु अपुरे आहे.

कारण, झीज निष्कारण होत नाही. अवकाशात हवा नाही, पाऊस नाही. तेथे यानाच्या बाह्यांगावर चिखल किंवा तांबेरा चढणार नाही. तेथील खुणा निराळ्या : सूक्ष्म उल्काकणांचे आघात, अतिनील किरणांनी विटलेला रंग, परतीच्या वेळी वातावरणात करपलेले आवरण. मळ खरा साठतो तो आत. अपोलो १७ च्या अंतराळवीरांच्या पोषाखांना चिकटून चंद्रावरील धूळ यानात आली (१९७२). ‘मीर’ स्थानकात बुरशी वाढली. तेव्हा मळ हवा की नको, यापेक्षा तो कशाचा, हा प्रश्न अधिक मूलगामी होय.

कथेत मात्र रंग नसतो, शब्द असतात. मराठी विज्ञानकथा जयंत नारळीकरांच्या ‘कृष्णविवर’ (१९७४) व ‘यक्षांची देणगी’ (१९७९) यांपासून प्रतिष्ठित झाली. ‘यान’, ‘अवकाशयान’, ‘नियंत्रणकक्ष’ ही तिची परिभाषा नेमकी आहे. पण हे तत्सम शब्द अद्याप कोणाच्या हाताळणीतून गेलेले दिसत नाहीत. यानाचे वर्णन कितीही धुळकट केले, तरी त्याचे नाव कोरेच राहते.

वापरातील वाहनाचे नाव कसे झिजते याचे उदाहरण अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या रस्त्यावर मिळते. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे व अहमदनगर यांच्या दरम्यान धावली. ‘स्टेट ट्रान्सपोर्ट’ची ‘एस. टी.’ झाली, खेडुताच्या तोंडी तिची ‘यष्टी’ झाली आणि पुढे ‘लाल डबा’ हे नावही रूढ झाले. ‘हस्त’ या शब्दाचा ‘हात’ ज्या वाटेने झाला, तिच्याशी या वाटेचे नाते आहे : वारंवार उच्चार, सोय, सलगी. उलट, त्याच नगरातील रणगाडा संग्रहालयात (१९९४) युद्धे पाहिलेले रणगाडे रंगरंगोटी करून ओळीने उभे आहेत. त्यांची स्वच्छता खोटी नव्हे; त्यांचे काम संपले आहे, एवढाच तिचा अर्थ.

यावर असा आक्षेप येईल की, यानात ग्रामीण बोली घातली म्हणजे वास्तवता साधते काय? नाही. विनाकारण घातलेली बोली ही पत्र्यावर फासलेल्या काजळीसारखीच होय. प्रमुखाच्या अहवालात ‘अवकाशयान’ हाच शब्द उचित. पण जो कामगार वर्षानुवर्षे त्याच्या झडपा बदलतो, त्याच्यापाशी त्या झडपेसाठी एखादे आखूड, घासलेले, कदाचित शिवराळ नाव असणारच. ते नाव सापडले तर यान धुतलेले असले तरी जुने वाटेल. न सापडले तर मराठी भाषक त्या यानात केवळ पाहुणा राहील आणि भविष्यकाळ ही मराठीत अनुवादित गोष्टच राहील.