सरकारी बाळ

अंगणवाडीत मुलांची वजनं घेतात. २०१९ मध्ये सरकारने सेविकांना जो स्मार्टफोन दिला, त्याचं मात्र कुणी घेतलं नसावं. स्मरणशक्ती उणीपुरी २ जीबी! पसंत करणाऱ्याने तो तासभर तरी कामाला जुंपून पाहिला असेल, असं वाटत नाही. तापायचा तर असा, की कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवावी! त्यात 'पोषण ट्रॅकर' आला तो इंग्रजी बोलत. म्हणजे घाटकोपरच्या चाळीत पोराची उंची मराठीत मोजायची, त्याच्या आईशी मराठीत भांडायचं आणि फोनला इंग्रजीत समजावायचं! वही बिचारी कधी हँग झाली नव्हती. शेवटी २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी फोन परत केले. आमच्या चाळीतल्या ताईंना मी कारण विचारलं. म्हणाल्या, "कुपोषित आहे हो! आधी घरी नीट खाऊ-पिऊ घाला, मग पाठवा म्हटलं."