कार्डाची मागची बाजू

मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं होतं, की मोबाइलवरची शब्दकार्डं घोकून परकी भाषा येते का? त्या दिवशी आम्ही ‘पुढच्या वेळी बोलू’ म्हणून वेळ मारून नेली. मधल्या काळात मुलुंडला आमच्याच इमारतीतल्या एका मुलीशेजारी बसून हे प्रकरण नीट पाहिलं. मुलगी परिचारिका आहे, जर्मन शिकते आहे. २०२४ साली आपल्या राज्य शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून आमच्या आसपास जर्मनचं नाव जरा जास्तच ऐकू येतं. तिथे परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता हवी तर साधारणपणे बी-२ पातळीची जर्मन लागते. म्हणजे हा छंद नव्हे, पोटापाण्याचा प्रश्न आहे.

ती ‘अँकी’ वापरते. हे सॉफ्टवेअर २००६ सालचं, नाव जपानी, अर्थ पाठांतर. समोर शब्द येतो, अर्थ मनात आठवायचा, कार्ड उलटायचं आणि आठवलं की नाही ते प्रामाणिकपणे सांगायचं. आठवलं तर कार्ड काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी परत येतं. विसरलं तर लगेच दारात हजर. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली हेच काम कप्प्यांच्या खोक्यात कागदी कार्डं ठेवून करायला सुचवलं होतं.

यात नाक मुरडण्यासारखं आम्हाला काही दिसत नाही. दिवेलागणीला परवचा म्हणणारी, पावकी-निमकी-दिडकी घोकणारी आमची पिढी. पाठांतराला नावं ठेवायचा आम्हाला अधिकारच नाही. उलट आमच्या परवच्यात केवढी उधळपट्टी होती! पक्का येणारा दोनाचा पाढाही रोज म्हणावा लागे. यंत्र तेवढा वेळ वाचवतं. लोकलमध्ये उभ्या-उभ्या मुलगी चाळीस शब्द उजळून घेते, हे कौतुकाचंच आहे.

आमची तक्रार वेगळी आहे. या सगळ्या पद्धतीचं मूळ हेर्मान एबिंगहाउस यांच्या १८८५ सालच्या पुस्तकात सापडतं. आपण किती वेगाने विसरतो, हे त्यांनी स्वतःवरच प्रयोग करून मोजलं. पण मोजलं कशावर? सुमारे २३०० निरर्थक अक्षरसमूहांवर. अर्थाने स्मरणात लुडबुड करू नये म्हणून त्यांनी अर्थच काढून टाकला होता. त्यांच्या कामासाठी ते योग्यच होतं. पण भाषा शिकणाऱ्याने अर्थ काढून टाकला तर हातात उरलं काय?

आता त्या मुलीच्या कार्डांची मागची बाजू बघा. हा तयार संच तिने आयता उतरवून घेतलेला. पुढे जर्मन, मागे इंग्रजी. म्हणजे मराठी मुलगी जर्मनकडे निघाली आहे ती इंग्रजीच्या घराला वळसा घालून. आणि गंमत अशी, की नेमक्या ज्या ठिकाणी मराठी तिच्या कामाला येणार, तिथेच इंग्रजी आडवी येते. जर्मनमध्ये लिंगं तीन: डेर, डी, डास. (डास ऐकून कोणी दचकू नये.) इंग्रजीवाल्याला नवल वाटतं, की मुलगी या अर्थाचा ‘मेडशेन’ हा शब्द नपुंसकलिंगी कसा! आपण पोरगं, कार्टं रोज म्हणतो. आपल्याला त्यात कसलं नवल? ‘डू’ आणि ‘झी’ हा भेद तू आणि तुम्ही-आपण यांच्या जातीचा; इंग्रजी कार्डावर दोन्हीकडे एकच ‘यू’. ‘डोख’ हा शब्द घ्या. कार्डाच्या मागे ‘पण’, ‘तरीही’, ‘होय’ या अर्थांचे इंग्रजी शब्द ओळीने लिहिलेले. मुलीने तो तेरा वेळा चुकवला होता. आम्ही विचारलं, “तू जेवली नाहीस का?” ती म्हणाली, “जेवले की!” आम्ही म्हटलं, “हा जो ‘की’ आहे ना, तो तुझा डोख.” नकारार्थी प्रश्नाला ठामपणे खोडून काढणारा शब्द मराठीच्या तोंडी आधीपासून आहे, तो बिचारा तेरा वेळा दाराबाहेर उभा राहिला.

पण मागे मराठी लिहिलं की काम झालं, असंही नाही. ‘श्लेश्ट’ म्हणजे वाईट, हे तिला पाठ होतं. आम्ही विचारलं, रुग्ण म्हणाला ‘मिर इस्ट श्लेश्ट’, तर तू काय करशील? तिने शब्दाला शब्द लावला. मला वाईट वाटतंय. म्हणाली, “बसेन जवळ, धीर देईन.” अहो, तो सांगतोय मला मळमळतंय! धीर नको, भांडं हवं.

इथे आम्हाला मीमांसक आठवतात. मूल शब्द कसे शिकतं, याचं त्यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. थोरला म्हणतो, “गाय आण.” दुसरा गाय आणतो. मूल बघत असतं. मग ऐकू येतं, “गाय बांध”, “घोडा आण”. काय बदललं, काय तसंच राहिलं, यावरून मूल शब्द सुटा करतं. आधी वाक्य, आधी व्यवहार. शब्द त्यातून निघतो. प्रभाकर म्हणतात, शब्द अर्थ सांगतो तोच मुळी दुसऱ्या शब्दांशी जोडलेला. कुमारिल म्हणतात, शब्द आधी आपापला अर्थ सांगतात, मग त्यांची जोडणी होते. कार्डवाली मुलं तेव्हा नकळत कुमारिलांच्या पक्षात! पण शब्द शिकण्यासाठी कुमारिलही जातात ते थोरांच्या व्यवहारातच, कोरड्या यादीकडे नव्हे.

आमचाही गुन्हा सांगतो. तरुणपणी कांट मुळातून वाचायचा म्हणून आम्ही वहीत दोन रकाने पाडून जर्मन शब्द घोकले. ‘फोरश्टेलुंग’पुढे लिहिलं होतं: मनातली प्रतिमा. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं, की नाटकाचा खेळ म्हणजेही फोरश्टेलुंग आणि माणसाची ओळख करून देणं म्हणजेही तेच. आपल्या ‘प्रयोगा’सारखं झालं. ‘प्रयोग म्हणजे प्रयोगशाळेतला’ एवढंच पाठ केलेला परदेशी माणूस कालिदास नाट्यमंदिराबाहेरचा ‘आज प्रयोग’ हा फलक वाचून परीक्षानळ्या शोधत बसेल.

मुलीने आता आयता संच बाजूला ठेवला आहे. स्वतः कार्डं लिहिते. दिवसाला चाळीस होत नाहीत, सात-आठच होतात, आणि परीक्षा जवळ आल्यामुळे तिची आई आमच्यावर थोडी नाराज आहे. परवा तिने एक कार्ड दाखवायला आणलं. पुढे लिहिलं होतं: रुग्ण पलंगाच्या कडेला बसलाय, तोंडावर हात धरलाय, काय म्हणेल? मागे जर्मन वाक्य, आणि त्याखाली मराठीत: भांडं आण.