रजईखालची रब्बू : कविता महाजन यांच्या अनुवादाच्या निमित्ताने

दलित साहित्याच्या चर्चेत अनुवादाचा विषय निघाला म्हणजे तो बहुधा एकाच दिशेने जातो. आपले लेखन इंग्रजीत केव्हा गेले, कोणी नेले, तिकडे त्याचे स्वागत कसे झाले, एवढाच हिशोब आपण मांडतो. बाहेरून मराठीत काय आले आणि ते आणण्यासाठी कोणी स्वतःला झिजवले, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. कविता महाजन यांच्याविषयी येथे लिहावयाचे ते या कारणासाठी.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात न्यूमोनियाने त्या गेल्या. वय अवघे ५१. कोणाच्या ध्यानीमनी नसताना माणूस जावा तशा गेल्या. जन्म नांदेडचा, शिक्षण मराठवाड्यात. म्हणजे आमच्याच मुलखातील बाई. त्यांचे नाव निघाले की लोक प्रथम 'ब्र' (२००५) आणि 'भिन्न' (२००७) या कादंबऱ्यांविषयी बोलतात. ते योग्यच आहे. आदिवासी भागातील स्त्री-सरपंचांचे जग 'ब्र'ने ज्या धिटाईने मराठी कादंबरीत आणले, तसे त्यापूर्वी फारसे कोणी आणले नव्हते. मग चित्रकार, कवयित्री, मुलांसाठी लिहिणारी लेखिका, वारली लोकगीतांची संपादक, एका मुलीची आई अशा ओळखी येतात. अनुवादक ही ओळख शेवटी येते, आली तर. वास्तविक इस्मत चुगताई यांच्या कथांच्या 'रजई' या अनुवादासाठी त्यांना २०११ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता, आणि 'भारतीय लेखिका' या मालिकेच्या संपादक म्हणून अनेक भाषांतील बायकांचे लेखन त्यांनी मराठीत आणविले. आईच्या कामाचे आणि अनुवादकाच्या कामाचे एक सारखे आहे. दोन्ही कामांना हजेरीपट नसतो. जेवण चांगले झाले तर घराची वाहवा, आणि मीठ जास्त पडले की मात्र हात कोणाचा ते सर्वांना आठवते!

मराठवाड्याच्या वाचकाला उर्दू ही परकी भाषा नव्हे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कचेरीची आणि कोर्टाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणसुद्धा उर्दूतून दिले जाई. आजही परळीच्या बाजारात आणि स्टेशनाबाहेरच्या रिक्षाथांब्यावर दखनी कानावर पडते. त्यामुळे 'लिहाफ'साठी 'रजई' हा शब्द आमच्या कानाला खटकत नाही. पण तो शब्द नीट पाहावयास हवा. मराठीत दुलई आहे, लेप आहे, गोधडी आहे, वाकळ आहे. यांतील प्रत्येक पांघरुणाला जात आहे, वर्ग आहे. वाकळ जुन्या लुगड्यांची शिवतात, तिच्यात कापूस भरलेला नसतो. रजईला कापूस लागतो, तो पिंजणारा लागतो, तिला उन्हात घालणारी आणि घडी करून ठेवणारी बाई लागते. इस्मत यांच्या कथेत रजईची सावली भिंतीवर हलते. वाकळीची सावली पडावी तर भिंत आणि दिवा दोन्ही हवेत. उसाच्या फडावरच्या कोपीत ती कोठून आणावयाची? म्हणून महाजन यांनी 'गोधडी' असा आपुलकीचा, मराठमोळा शब्द घेतला नाही हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांनी ते पांघरूण नवाबाच्या घरातच राहू दिले.

'लिहाफ' ही कथा १९४२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर लाहोरच्या न्यायालयात अश्लीलतेचा खटला चालला. इस्मत यांनी माफी मागितली नाही आणि खटल्यातून त्या सुटल्या. तेव्हापासून या कथेची चर्चा बेगम जानभोवती फिरते आहे : तिचा एकटेपणा, तिची दडपलेली वासना, तिच्याकडे ढुंकूनही न पाहणारा नवाब. मराठी चर्चाही याच वाटेने गेली. प्रश्न असा आहे की त्या रजईखाली दुसरी जी बाई आहे ती कोण?

ती रब्बू. अंग चोळणारी मोलकरीण. काळी, तोंडावर देवीचे व्रण. बेगम जितकी गोरी तितकी ही काळी, असे कथाच सांगते. बेगमेच्या शरीराला दिवसरात्र तिचे हात लागतात, इतके की घरातल्या इतर बायका तिचा हेवा करतात. पण रब्बूची इच्छा काय, हे कथेत कोणी विचारीत नाही आणि समीक्षेतही फारसे कोणी विचारलेले नाही. बेगमेच्या बाबतीत ज्याला आपण मुक्ती म्हणतो, त्यात रब्बूचा वाटा मजुरीचा की मर्जीचा? आणखी एक गोष्ट कथेत येते आणि वाचक ती ओलांडून पुढे जातात. रब्बू आई आहे. तिचा मुलगा काही दिवस नवाबाकडे राहिला होता, त्याला नवे कपडे मिळाले होते, आणि एके दिवशी तो जो पळाला तो आईला भेटावयासदेखील त्या घरात पुन्हा आला नाही. का पळाला हे इस्मत सांगत नाहीत. नवाबाच्या घरी कोण मुले असत हे मात्र त्यांनी आधीच सांगून ठेवले आहे. मुलाला भेटण्यासाठी रब्बूला नातेवाईकाकडे जावे लागते, आणि ती गेली म्हणून बेगम बेचैन होते. कथेतील भयंकर प्रसंग रब्बूच्या त्या रजेत घडतो. आईने पोराला भेटण्यासाठी घेतलेली रजा! या जागेवरून कथा वाचली तर ती निराळीच कथा होते. 'ब्र' लिहिणाऱ्या बाईच्या नजरेतून ही जागा सुटली नसेल असे मला वाटते.

इस्मत यांचीच 'दो हाथ' ही कथा याबरोबर वाचावी. मेहतर समाजातला राम अवतार लढाईवरून परततो, तो गैरहजर असताना बायकोला मूल झालेले आहे. कोठीतल्या शरीफ बायका खवळतात. पण तो त्या मुलाला आपले मानतो, कारण उद्या कामाला दोन हात वाढतील. ही कथा मला अस्वस्थ करते. मेहतरांच्या घराकडे पाहून कोठी हसते, आणि लेखिकाही काही ठिकाणी तिच्याबरोबर हसते असा संशय येतो. पण शेवटी ज्यांची अब्रू उघडी पडते ती कोठीतल्यांचीच.

दलित समीक्षेने स्वानुभवाचा आग्रह धरला. तो ऐतिहासिकदृष्ट्या अगदी आवश्यक होता. परकायाप्रवेशाच्या गप्पा मारणाऱ्या प्रस्थापित साहित्यिकांना तेच उत्तर होते. परंतु या आग्रहात अनुवादक कोठे बसतो याचा विचार आपण केला नाही. तो तर रोज परक्याचा अनुभव लिहितो, आणि तोही स्वतःच्या सहीशिवाय. कविता महाजन दलित नव्हत्या, मुसलमान नव्हत्या. त्यांच्या अनुवादाला मग कोणता निकष लावावयाचा? माझे उत्तर असे की, मूळ लेखिकेने जे झाकून ठेवले ते अनुवादिकेने उघडे केले नाही ना, आणि जे उघडे ठेवले ते झाकले नाही ना, एवढे पाहावे.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझी माय उसाच्या टोळीबरोबर कर्नाटकात जाई. तिला अक्षर येत नव्हते. दोन हंगामांत ती कानडी बोलू लागली. दुकानात भाव करावयाचा असो की दवाखान्यात दुखणे सांगावयाचे असो, टोळीतल्या बायका तिला पुढे घालीत. मुकादमाला ते रुचत नसे. मधला माणूस म्हणून त्याचा जो दरारा होता त्याला ती भोक पाडीत होती. एकदा डॉक्टरने एका बाईविषयी काही सांगितले. मायने आधी तिच्या नवऱ्याला बाहेर पाठविले, दार लोटले, आणि मग ते शब्द न शब्द त्या बाईला सांगितले. ही माय एका पहाटे झोपेतच गेली. आदल्या दिवशी ती फडावर मोळ्या बांधीत होती.

'भारतीय लेखिका' मालिकेसारखे काम आता पुढे कोणी न्यावयाचे, असे विचारले जाते. मी बीड जिल्ह्याकडे बोट दाखवीन. आमच्या महाविद्यालयातील कित्येक मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. येताना कानडी घेऊन येतात. परीक्षेच्या अर्जात 'अवगत भाषा' असा रकाना असतो. त्यात ती मराठी, हिंदी, इंग्रजी लिहितात. कानडी लिहीत नाहीत. विचारले तर म्हणतात, "मॅडम, ती वाचता कुठं येते?" यंदा दोन मुलींना मी कानडी बाराखडीचे पुस्तक आणून दिले आहे. देवनूर महादेव यांच्या 'कुसुमबाले'पर्यंत पोचावयास त्यांना पुष्कळ वेळ लागेल. त्या कादंबरीतली बोली कानडी वाचकांनाही सोपी जात नाही, आणि या मुलींची कानडी उत्तरेकडची. तूर्त त्या दुकानाच्या पाट्या वाचतात आणि एकमेकींच्या चुका काढतात.