आगगाडीवरील दरोडा आणि पाठलागाचा अधिकार

एडविन पोर्टर याने एडिसनच्या कंपनीसाठी १९०३ मध्ये केलेल्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ या सुमारे बारा मिनिटांच्या मूकपटाची चर्चा बहुधा तंत्राच्या अंगाने होते. तारघराच्या खिडकीतून दिसणारी गाडी ही दुहेरी छायांकनाची करामत आहे, हे खरेच. परंतु त्यातील दरोडेखोर सर्वप्रथम तारमास्तराला बांधून घालतात, ही बाब अधिक अर्थपूर्ण आहे. गाडीआधी वार्ता रोखली जाते. ती सुटताच नाचात रमलेले गावकरी बंदुका उचलून निघतात. पाठलाग करणारा समाज हा चित्रपट गृहीत धरतो आणि प्रेक्षकालाही त्याचाच घटक मानतो.

महाराष्ट्रात हे गृहीतक टिकत नाही. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखविल्या गेल्या, त्यांत गाडीचे आगमनही होते. प्रत्यक्ष गाडी १८५३ पासून धावत होती. दुहेरी छायांकन फाळक्यांनी आत्मसात केले होते. मात्र ते चमत्कारदर्शनासाठी राबविले. रेल्वेलुटीचे कथानक आपल्या आरंभीच्या मूकपटांच्या केंद्रस्थानी आले नाही. त्याचे कारण ‘पौराणिक मनोवृत्ती’त शोधण्याची समीक्षेची सवय आळशीपणाची आहे.

भांडगाव-यवत परिसरातून पुणे-दौंड लोहमार्ग जातो. भीमेपलीकडच्या शिरूर तालुक्यात, धामारी येथे, वासुदेव बळवंत फडके यांनी फेब्रुवारी १८७९ मध्ये दरोडा घातला. लुटले गेले ते एतद्देशीय धनिक, हे विसरून त्याचा पोवाडा करता येणार नाही. परंतु ते द्रव्य इंग्रजी सत्तेविरुद्धच्या उठावासाठी हवे होते. येथे ‘दरोडेखोर’ ही संज्ञाच दुभंगते, आणि मागावर असलेले सरकारी शिपाई ‘आपले’ उरत नाहीत. ९ ऑगस्ट १९२५ रोजी काकोरीजवळ क्रांतिकारकांनी गाडी थांबवून सरकारी रोकड लुटली, तेव्हा हा दुभंग देशभर उघड झाला. असा प्रसंग पडद्यावर आणणार कोण? १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या अमलात, विदुराला गांधींचे रूप दिल्यामुळे ‘भक्त विदुर’वर (१९२१) मद्रासेत बंदी आली होती. म्हणजे पुराणकथाही निर्धोक नव्हती!

पोर्टरच्या चित्रपटातही एक फट आहे. दरोडेखोरांचा नायक समोर पाहत थेट प्रेक्षकावर गोळ्या झाडतो, ते दृश्य आरंभी जोडावे की अखेरीस, हे प्रदर्शकावर सोपविलेले होते. कथेने ठार केलेला माणूस कथेबाहेर जिवंत उभा राहतो. त्याची जागा कथानकाला ठरविता येत नाही.

मूकपटाच्या उतरत्या काळात जे. बी. एच. वाडिया यांनी ‘तूफान मेल’मध्ये (१९३२) रेल्वेचा थरार हाताळला. पुढे ‘मिस फ्रंटियर मेल’ (१९३६) या बोलपटात खुनाचा आळ येतो तो स्टेशनमास्तरावर, आणि नाडिया धावत्या गाडीच्या टपावर लढते. रेल्वे परक्यांची असली तरी पणाला लागलेली अब्रू घरची आहे. म्हणूनच त्या पाठलागात मुंबईचा प्रेक्षक विनासंकोच सामील होऊ शकला.